घारीची सावली

कोंबड्या माणसाच्या अंगणात नुकत्याच राहायला आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तांबडी कोंबडी त्या अंगणातली पहिलीच. तिचं एक पिल्लू घारीनं उचललं आणि तेव्हापासून तिची मान सदा आभाळाकडे. उरलेल्या पाच पिल्लांकडून ती रोज एकच गोष्ट घोकून घेई, "सावली दिसली की खुराड्यात पळायचं. मागं वळून बघायचं नाही."

एकदा खुराडंच तिला म्हणालं, "अगं बाई, माझ्या मागच्या कुडाखालची माती कुणीतरी उकरलीय. जरा बघ तरी."

तांबडी करवादली, "घार कधी माती उकरते का? तू आपलं दार सांभाळ."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणावरून सावली सरकली. "पळा!" तांबडी ओरडली. चार पिल्लं धूम खुराड्यात शिरली. पाचवं पिल्लू उनाड, ते उकिरड्यावरच रेंगाळलं. घार काही खाली उतरली नाही, नुसतीच पुढे गेली. खुराड्यातून मात्र चिवचिवाट उठला आणि लगेच थांबला. मागच्या भोकातून तोंड चाटत मुंगूस बाहेर पडलं.

संध्याकाळी सावली पुन्हा आली. उनाड पिल्लानं विचारलं, "आई, आता कुठं पळू?"

तांबडीनं एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा खुराड्याच्या मागच्या भोकाकडे.