पांढऱ्या दारांवरचे ठिपके

एक होतं पिंपरणी नावाचं बाजाराचं गाव. त्या गावात लग्नाचं शूटिंग करणारा भानुदास राहायचा, त्याची बायको मालन राहायची, आणि मधल्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर राहायचा. कॉम्प्युटरला घरातल्या माणसाचा मान होता. त्याच्यावर मालननं विणलेलं झाकण असायचं आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार मिळायचा.

भानुदासचा बाप शिंपी होता. बापाचा हात न बघता कात्रीवर जायचा, न बघता खडूवर जायचा, आणि तोंडानं गिऱ्हाइकाशी गप्पा चालूच असायच्या. भानुदास कापड सोडून लग्नाची चित्रं कापायला लागला, पण हात बापाचाच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या अंगाला कात्रीची खूण असायची. तिच्याखाली जोड लावायची. उजव्या अंगाला रंग गडद-फिका करायची. आणि खाली ओळीनं आवाजाच्या पट्ट्या, एक बँडची, एक भटजींची, एक बायकांच्या गाण्यांची. नदीकाठी लुगडी वाळत घातल्यासारख्या सगळ्या पसरलेल्या. हवी ती धरावी, हवी ती बारीक करावी. शेंगा खाता खाता, मालनशी बोलता बोलता त्याचं काम व्हायचं.

त्याची एक रीत होती. हळदीला बायका जात्यापाशी गायला बसल्या की तो बारकासा माइक शेजारच्या सुपात ठेवून द्यायचा. बायका गाण्याच्या नादात माइक विसरायच्या. गायच्या, खोकायच्या, एकमेकींची थट्टा करायच्या, सगळं त्या सुपात पडायचं. पुढं लग्नाच्या सिनेमात ती गाणी कुणाला नको असायची. पोरं म्हणायची, काका, झकास फिल्मी गाणं टाका. भानुदास टाकायचा. पण सुपातली पट्टी कधी पुसायचा नाही. बापानं कापडाचं उरलेलं चिरगुट कधी फेकलं नव्हतं, त्यानं आवाज कसा फेकावा.

असे बरे दिवस चालले होते.

मग एका साली त्यानं गावच्या सुताराच्या लेकीचं लग्न कॅमेऱ्यात काढलं. सुतार खूश झाला. म्हणाला, भानुदास, तुला शहरासारखा सैपाकाचा ओटा करून देतो. भानुदासनं मालनला विचारलंसुद्धा नाही. ती माहेरी गेली होती तेवढ्यात तिची उघडी मांडणी भिंतीवरून काढली, फडताळ काढलं, आणि ओट्याखाली, ओट्यावर पांढरीशुभ्र दारं बसवली. सगळी एकसारखी. कडी नाही, मूठ नाही. दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची.

मालन परत आली आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखी उभी राहिली. तिच्या मांडणीवर मिठाची बरणी खालच्या फळीला डावीकडं असायची, कायम. अंधारातसुद्धा तिचा हात तिथं जायचा. आता ती फोडणीत मोहरी टाकायची आणि हळद शोधायला लागायची. हे दार उघड, ते दार उघड, तोवर मोहरी जळायची. एकदा पाहुणे जेवायला आले तेव्हा आमटीत साखर पडली. भानुदास सगळ्यांच्या देखत हसला.

"एवढ्याशा घरात हरवतेस," म्हणाला, "तुला जत्रेला कसं न्यायचं?"

 मालननं काय केलं, मिठाच्या दारावर चुन्याचा ठिपका लावला. पांढऱ्यावर पांढरा दिसेना म्हणून त्याभोवती काजळाचं कडं काढलं. तिखटाच्या दारावर कुंकवाचा ठिपका, हळदीच्या दारावर हळदीचा. साखरेला दोन, गुळाला एक मोठा. हात पुन्हा चालायला लागला. पण पुढच्या खेपेला पाहुणे यायचे होते तेव्हा भानुदासला ते ठिपके दिसले. त्याला वाटलं, डाग पडलेत. त्यानं ओलं फडकं घेऊन सगळे पुसून काढले आणि वर तिलाच म्हणाला, दारं उघडताना हात धूत जा.

मालननं ते फडकं पिळून वाळत घातलं.

दिवस पालटले. ज्याच्या त्याच्या हातात फोन आला. लग्नं फोनवरच काढली जाऊ लागली आणि भानुदासच्या खुंटीवरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीवर धूळ बसायला लागली. मालन शेजारणींची पोलकी शिवायला लागली. घर चालत होतं, पण कण्हत चालत होतं.

अशात एक दिवस वैजयंता आली. गावचीच लेक, वैजू म्हणायचे तिला. तिचं लग्न भानुदासनंच काढलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिची आई, तानूबाई, वारली होती. आता वैजू पहिल्या बाळंतपणाला चुलत्याच्या घरी आली होती. ती स्वतः ओली बाळंतीण, दारातच उभी राहिली, उंबरा ओलांडला नाही.

"भानाकाका," ती म्हणाली, "आईनं माझ्या हळदीला गाणी म्हटली होती. बारशाला पाळण्यापाशी तिचा आवाज लावायचाय. दुसरं काही नको."

लग्नाच्या सिनेमात तानूबाई दिसत होती, पण आवाज सिनेमाच्या गाण्याखाली दबला होता. खरा आवाज होता तो सुपातल्या पट्टीवर. भानुदासला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, पोरी, बारशाला तुझी आई गाईल.

त्यानं कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं. बऱ्याच दिवसांनी काढलं होतं. कोपऱ्यात एक चौकोन आला, काहीतरी विचारायला लागला. नवं आलंय, घेऊ का, असं काहीसं. भानुदास घाईत होता. बाजारात भाजीवाला विचारतो कोथिंबीर घालू का आणि आपण हो म्हणतो, तसा तो हो म्हणाला.

आणि पडदा नवा झाला. झाडून सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. कात्री नाही. जोड नाही. रंग नाही. आवाजाच्या साऱ्या पट्ट्या मिळून एकच जाडजूड पट्टी, वळकटी करून ठेवल्यासारखी. मधोमध एक मोठं निळं बटण तेवढं होतं. सगळं आपोआप करा म्हणून.

भानुदास शोधायला लागला. हात सवयीनं डावीकडं जायचा, तिथं काही नसायचं. कुठं तरी माउसचा बाण फिरवला की एखादी खूण उजेडात यायची, आणि बाण हलला की पुन्हा लपायची. घरातली आंधळी कोशिंबीरच ती. कात्री सापडली तर ती कशी धरली होती ते आठवेना. पुन्हा धरायला गेला तर भलतंच उघडलं. बँडचा आवाज कमी करायला गेला तर चित्रच काळं झालं. त्यानं कॉम्प्युटरला तोंडाला येईल ते ऐकवलं. मग तालुक्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि जुनं परत मिळेल का विचारलं. दुकानदार म्हणाला, जुनं आता कुठलं. आणि हसत म्हणाला, अहो काका, सगळं आपोआप होतं, तुम्ही शोधत कशाला बसता.

ते हसणं भानुदासला झोंबलं. कुठं तरी ऐकल्यासारखं वाटलं, पण आठवलं नाही.

बारसं उद्यावर आलं. त्यानं शेवटी ते निळं बटण दाबलं.

क्षणात सिनेमा तयार झाला, आणि देखणा झाला. फुलं पडत होती, चांदण्या फिरत होत्या, खाली गोड गाणं वाजत होतं. जात्यापाशी तानूबाई बसली होती. तिचे ओठ हलत होते, मान डुलत होती, आणि तोंडातून आवाज येत होता कुण्या भलत्याच बाईचा. भानुदासनं पुन्हा पाहिलं. सासरची माणसं खूश होतील, त्याच्या मनात आलं. वैजूलाही सांगता येईल, पोरी, नव्या मशिनीत तेवढंच निघतं. कोण तपासायला येणार आहे. कामही होतं, नावही राहतं.

पण त्याला तिथं बसवेना. बापानं दुसऱ्याच्या मापाचा सदरा कधी गिऱ्हाइकाच्या अंगात कोंबला नव्हता. तो उठला.

मालन गिरणीवर गेली होती. घोटभर चहा करावा म्हणून तो ओट्याशी गेला. साखर हवी होती. एक पांढरं दार दाबलं, आत डाळी. दुसरं दाबलं, आत ताटल्या. तिसरं, चौथं. पाणी उकळून आटायला आलं. सगळी दारं एकसारखी, सगळी मुकी. भानुदासचा धीर सुटला आणि तो मटकन खाली फरशीवर बसला.

खाली बसला तेव्हा त्याला दिसलं.

दारांच्या खालच्या कडेला, उभ्या माणसाच्या नजरेला कधी पडणार नाहीत असे, बारीक बारीक ठिपके होते. कुंकवाचा एक. हळदीचा एक. काजळाच्या कड्यातला चुन्याचा. आणि एका दाराला दोन. त्यानं ते दार दाबलं. साखर होती.

तो साखरेचा डबा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. आमटी आठवली. पाहुणे आठवले. ओलं फडकं आठवलं. तालुक्याच्या दुकानदाराचं हसणं कुठं ऐकलं होतं तेही आता आठवलं. आपल्याच तोंडी ऐकलं होतं.

मालन दळण घेऊन आली. नवरा फरशीवर, दारं सगळी उघडी, पातेलं करपलेलं. तिनं डोक्यावरचा डबा उतरवला.

"एवढ्याशा घरात हरवलात व्हय?" ती म्हणाली.

"हरवलो," भानुदास म्हणाला. "मालन, हे ठिपके मी पुसले होते."

"तुम्ही वर पुसले, मी खाली लावले. सैपाक काय थांबतोय का कुणासाठी."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. वैजूचं सांगितलं, हरवलेल्या पट्टीचं सांगितलं, निळ्या बटणाचंही सांगितलं. मालननं पदराला हात पुसले आणि त्याच्याबरोबर मधल्या खोलीत येऊन बसली. कॉम्प्युटरमधलं तिला काडीचं कळत नव्हतं. पण नव्या घरात हरवणं कसं असतं ते तिला कळत होतं. तिनं विचारलं, तुम्ही काय शोधत होता. तो म्हणाला, पट्टी.

"तिथंच चुकलं," ती म्हणाली. "मी बी आधी मीठ मीठ करत पळायची. मीठ घावायचं नाही, मोहरी जळायची. मग एक दिवस चूल पेटवलीच नाही. नुसती दारं उघडून बघत बसले, कुठं काय हाय. आज काही शोधू नका. नुसतं बघा."

भानुदासनं बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात नेला आणि तिथंच थांबवला. कात्री वर आली. मालननं करंड्यातलं कुंकू बोटाला घेतलं आणि पडद्याच्या चौकटीवर, कात्रीच्या समोर, ठिपका लावला. बाण थोडा खाली सरकला. रंगाची खूण आली. तिथं हळद लागली. असं करत करत ते चौकटीभोवती फिरले. मालन मधूनच विचारायची, हे कशाचं, आणि तो सांगायचा. सांगता सांगता त्यालाच उमगत गेलं. राग कुठं गेला कळलं नाही. लग्नाच्या नवलाईतसुद्धा दोघं असे खांद्याला खांदा लावून बसले नव्हते.

तळाच्या कडेला बाण थांबला तेव्हा जाड पट्टीच्या टोकाला राईएवढा त्रिकोण उगवला. भानुदासनं तो दाबला. वळकटी सुटली. बँड वेगळा झाला, भटजी वेगळे झाले, आणि सगळ्यांच्या खाली सुपातली पट्टी उलगडली. त्यानं बाकीचे आवाज बंद केले.

जात्याची घरघर आली. त्या घरघरीवर तानूबाईचा आवाज बसला होता.

"हळद दळिते बाई, पिवळं झालं जातं,
लेक निघाली दूर, तरी तुटंना गं नातं."

मालननं काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि त्या जागी, इतर ठिपक्यांपेक्षा जरा मोठा, ठिपका लावला.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. घर बायकांनी भरलं होतं. पाळणा सजला होता. भानुदासनं आवाज लावला. न फुलं, न चांदण्या. तानूबाई गायला लागली आणि घरातली कुजबुज थांबली. तिच्या बरोबरीच्या म्हाताऱ्या बायका नकळत मागं म्हणायला लागल्या. वैजू पाळण्याची दोरी धरून खाली मान घालून बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ती सावरून होती.

गाणं संपलं. जातं थांबलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी खोकलं. आणि मग तानूबाई, गाणं नव्हे, नुसती बोलली. इतर बायकांना सांगितलं तिनं, हळदीच्या दिवशी, त्या गडबडीत.

"वैजू जेवली का बघा गं कुणीतरी. सकाळधरनं उपाशी हाय पोर."

वैजूच्या हातातली दोरी सुटली. बारशाच्या दिवशीसुद्धा पाहुण्यांच्या नादात ती सकाळपासून जेवली नव्हती. तिची सासू उठली, आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली. घास घास करून तिनं सुनेला भरवलं. जमलेल्या बायकांत डोळे पुसले नाहीत अशी एकही नव्हती.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी ज्यांनी कधी भानुदासला लग्नाला बोलावलं होतं ते सगळे येऊ लागले. कुणाला आत्याचा आवाज हवा होता, कुणाला आजीचा, एका म्हाताऱ्याला आपल्या गेलेल्या बायकोचं नुसतं हसणं हवं होतं. सुपात सगळं होतं. भानुदासनं काहीच पुसलेलं नव्हतं. मग दूरदूरच्या गावांहून नव्या लग्नांची बोलावणी आली, आणि लोक आवर्जून सांगायचे, सूप घेऊन या.

सुताराला निरोप गेला. मालनला समोर बसवून, तिला विचारून विचारून, त्यानं पांढरी दारं काढली आणि भिंतीवर मांडणी चढवली. मिठाची बरणी खालच्या फळीला डावीकडं गेली. मधल्या खोलीत कॉम्प्युटरच्या चौकटीवर कुंकू-हळदीचे ठिपके तसेच राहिले, आणि त्यांना फडकं लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. पोलकी शिवायचं मालननं बंद केलं. आता ती हळदीला नवऱ्याबरोबर जायची आणि सूप जात्याशेजारी कुठं ठेवायचं ते तीच ठरवायची. त्या घराला पुन्हा कधी काही कमी पडलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हाताला ठाऊक झालेल्या जागा त्याला विचारल्यावाचून हलवू नयेत, आणि त्यानं केलेल्या खुणांना डाग म्हणून हसू नये; आपल्यावर तशी वेळ आली की वाट त्याच खुणा दाखवतात.