हातरुमाल तिसऱ्या मजल्यावर

एका बाजारपेठेच्या गावात एक शेठजी होते. त्यांचं तीन मजली दुकान. टाचणीपासून शालूपर्यंत मागाल ते मिळे, आणि सगळा कारभार चाले शेठजींच्या भुवईवर. भुवई वर गेली की 'नको', जागेवर राहिली की 'चालेल'. नोकरमाणसं गिऱ्हाइकाशी बोलतानाही एक डोळा तिकडे ठेवून असत.

गुडघे कुरकुरू लागले तसं शेठजींनी किल्ल्या लेकीच्या हाती दिल्या. "आता तूच मालकीण. मी आपला दारापाशी बसेन. गप्प."

लेकीने पहिल्याच आठवड्यात शाळेचे गणवेश तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला सांगितले. कडेवर मूल घेऊन बायांनी किती जिने चढायचे? शेठजी चकार शब्द बोलले नाहीत. भुवई मात्र वर गेली. झालं! निम्मा माल खाली आला होता, निम्मा वरच थांबला.

दुसऱ्या दिवशी एक बाई धापा टाकत म्हणाली, "अहो, शर्ट खाली अन् चड्ड्या वर! माझ्या पोरानं काय अर्धं घालून शाळेत जायचं?" ती तडक समोरच्या दुकानात गेली. तिच्यामागून आणखी चौघी.

लेकीने किल्ल्या वडिलांपुढे धरल्या. "बाबा, घ्या परत."

"का? मी तर काही बोललोसुद्धा नाही!"

"बोलायला कशाला हवं? मी सांगते आणि माणसं तुमच्याकडे बघतात. माझं चुकेलही, बाबा. पण मला चुकू तरी द्या."

शेठजींनी किल्ल्या घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते घरीच राहिले. पण जीव थाऱ्यावर कुठला! नुसत्या येरझाऱ्या. तिला जमेल का? नाही जमलं तर? आणि जमलं तर मग आपलं काय? हा शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःलासुद्धा हळूच विचारला.

"अहो, डाळीचे डबे वरच्या फळीवर कुणी चढवले?" बायको कडाडली. "दुकान सुटलं म्हणून माझं स्वयंपाकघर धरलंत होय!"

नवव्या दिवशी राहवेना. शेठजी दुकानात डोकावले. गणवेश सगळे खाली, गर्दीही दांडगी. पण गणवेशांना जागा करायला लेकीने हातरुमाल तिसऱ्या मजल्यावर पाठवलेले! रुमालासाठी कोण तीन जिने चढेल?

जुना नोकर लगबगीने आला. "शेठ, रुमाल खाली आणू का?" आणि नजर कपाळाकडे.

शेठजींनी तळहाताने भुवई घट्ट दाबून धरली. "मला काय विचारतोस? मालकीण तिथं उभी आहे." आणि उत्तराला न थांबता ते बाहेर पडले.

नोकर घुटमळला, मग लेकीपाशी गेला. "ताई, रुमालाला कुणी वर चढत नाही हो."

ती ओशाळली. "खरंच की! चुकलंच माझं. पण मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्हाला सांगायची सवय नव्हती ना."

तासाभरात रुमाल खाली आले.

तात्पर्य: किल्ल्या देणं सोपं. ज्याला दिल्या त्याला चुकू द्यावं आणि जीव वरखाली झाला तरी आपण गप्प राहावं, तेव्हाच कारभार खरा हाती जातो.