बाराव्यांदा लिहिलेली ओळ

एकदा, फार पूर्वी नव्हे, गेल्याच चैत्रात, एका निवृत्त यंत्रशिक्षकांकडे त्यांची जुनी शिष्या रडवेल्या चेहऱ्याने आली. तिने अळिंबीची शेड उभारली होती आणि तिथले पंखे तळहाताएवढा एक संगणक चालवत असे. शेडमध्ये तापमापक नवा बसवला, तर संगणक त्याला ओळखच देईना. परिणामी पंखे ढिम्म. संध्याकाळपर्यंत वारा मिळाला नाही, तर चारशे पिशव्यांमधली अळिंबी सडणार होती.

“सर, बूट नावाच्या फोल्डरात सेटिंगची फाइल केली, तापमापकाची ओळ लिहिली, संगणक बंद करून चालू केला. अकरा वेळा! ऐकतच नाही मेला.”

वृद्ध शिक्षक शांतपणे शेडमध्ये गेले, कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि त्या फोल्डरातले सर्व काही पुसून टाकले.

शिष्या किंचाळलीच. “सर! त्यातूनच तर तो सुरू होतो ना!”

वृद्धांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तो मजेत सुरू झाला. शिष्येला आता भीतीपेक्षा अपमानच जास्त वाटला.

“बाळ,” वृद्ध म्हणाले, “याच्या मेमरी कार्डाचे दोन भाग आहेत. पहिल्या, लहानशा भागातल्या सूचना वाचून हा जागा होतो. जागा झाल्यावर तो भाग या फोल्डराला जोडावा लागतो, माउंट करावा लागतो. तू कार्ड ज्या पद्धतीने तयार केलंस, तिच्यात तो आपोआप जोडला जात नाही. न जोडलेला फोल्डर म्हणजे नुसती रिकामी जागा. तिथे काहीही लिही, ती निमूटपणे ठेवून घेते. तुला वाटलं, लिहिलं म्हणजे पोचलं. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून चिडण्याआधी, आपण सांगितलं कुणाला, एवढं पाहावं.”

एका आज्ञेसरशी त्यांनी तो भाग जोडला. त्याच फोल्डरात खरी फाइल प्रकट झाली. चांगली चाळीस ओळींची, आणि शिष्येच्या एका अक्षराचाही तीत पत्ता नाही! तिने तळाशी आपली ओळ बाराव्यांदा लिहिली. संगणक पुन्हा सुरू झाला, पंखे घरघरत फिरू लागले आणि तिच्या जिवात जीव आला.

मग ती ओशाळली.

“सर, अकराव्या वेळी मी ओळीखाली त्याला ‘गाढवा’ असंही लिहिलं होतं.”

“चिंता नको,” वृद्ध म्हणाले, “तेही पोचलेलं नाही.”