घड्याळावरचा मोर

कुडवली संस्थानात द्वारका चितारीण राहत असे. तिच्या वडिलांनी एका फ्रेंच कप्तानाला समुद्रात बुडताना वाचवलं होतं. त्याने दिलेलं चांदीचं खिशातलं घड्याळ, एवढीच वडिलांची आठवण तिच्याजवळ उरली होती. राजेसाहेबांचे मेहुणे भाऊराव यांनी ते लग्नात मिरवायला मागून नेलं, झाकणावर सोनाराकडून मोर कोरून घेतला आणि परत द्यायचं नावच काढेनात. शेवटी द्वारका दरबारात गेली.

"घड्याळ हिचं होतं, कबूल," भाऊराव मिशीला पीळ देत म्हणाले. "पण मोर माझा. ज्याने सजवलं, त्याचंच ते झालं!"

राजेसाहेब मेहुण्याला दुखवायला कचरत होते. द्वारकेने हात जोडले.

"मला मान्य आहे, सरकार. या दरबाराच्या भिंतींवरचे हत्ती, घोडे, वेली सगळं मी रंगवलंय. तेव्हा दरबार माझा झाला. गादी तेवढी संध्याकाळपर्यंत हलवा."

सगळ्यांच्या नजरा गादीकडे वळल्या. मग राजेसाहेबच खो खो हसत सुटले.

"भाऊराव, देऊन टाका ते घड्याळ, नाहीतर मला बेघर कराल!"

द्वारकेने तिथेच किल्ली दिली आणि घड्याळ कानाशी धरलं. ते टिकटिकू लागलं. मोर मात्र तिने तसाच राहू दिला. कोरणाऱ्याचा हात चांगला होता.