कासारणीचा हात

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक कासारीण राहायची. कासारीण म्हणजे बायकांच्या हातात बांगड्या भरणारी. तीस वर्षं ती डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडली होती. गुडघे धरले होते, पाठ बोलायला लागली होती, पण हात चांगला होता. बांगडी अशी चढवायची की लेकीबाळींना कळायचंसुद्धा नाही.

मग एका लग्नघरी घात झाला. चुडा भरताना बांगडी पिचली आणि नवरीला काच लागली. रक्त आलं थेंबभर, पण हळदीच्या अंगावर रक्त म्हटल्यावर बायकांना निमित्तच मिळालं. "हिच्या हाताचा गुण गेला आता," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. कासारणीला मात्र ते वाक्य पाठ झालं.

तेव्हापासून रोज सकाळी पेटी उचलताना ती पुटपुटायची, "माझ्या हाताचा गुण गेला." बांगडी हातात घेतली की पुन्हा तेच. असं म्हणत चढवायला गेलं की बोटं आवळायची, बोटं आवळली की काच पिचायची, आणि काच पिचली की ही म्हणायची, "बघा, मी सांगत नव्हते?" आता एवढी खात्रीनं खरी ठरणारी गोष्ट माणूस सोडेल कशाला!

मग तिनं एक युक्ती काढली. सगळ्यांना मापापेक्षा मोठीच बांगडी द्यायची. चढवायला त्रास नाही, पिचायची भीती नाही. पण सैल बांगडी हातात टिकते होय? भांडी घासताना घसरली, पोहरा ओढताना विहिरीच्या काठावर आपटली, आठ दिवसांत हात मोकळे. बायका वैतागल्या आणि तिला हाक मारेनाशा झाल्या. कासारणीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. फार दमलेल्या माणसाला कुणी बोलावलं नाही की सुटल्यासारखं होतं.

शेजारच्या कुंभारणीला हे बघवेना. ती म्हणाली, "अगं, सारखं गेला गेला काय लावलंयस? वास्तू तथास्तु म्हणत असते. चांगलं बोल. रोज सकाळी म्हण, माझ्यासारखी कासारीण साऱ्या मुलखात नाही."

कासारणीनं आठ दिवस इमानानं म्हटलं. पण मन काही खुळं नसतं. तोंड म्हणायचं, माझ्यासारखी कुणी नाही. मन म्हणायचं, कुणाला फसवतेस? नवव्या दिवशी तिनं तेही सोडून दिलं. दमायला तिला आधीच पुष्कळ कामं होती.

अशात एक दिवस गावची तेलीण दारात आली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तेलीण म्हणाली, "चुडा सासरहून आलाय. मापाला अगदी बेताचा. आणि पोरीचा हात घाण्यावर राबून रुंद झालेला. बाजारचा कासार म्हणाला, बसायचा नाही, परत पाठवा."

"मग पाठवा."

"परत कसा पाठवू? त्यांच्या घरची चाल आहे, त्यांचाच चुडा भरायचा. मुलाची आत्या येऊन बसलीय. आधीच म्हणते, पोर रांगडी दिसते. चुडा फिरवला तर लग्नच फिरवतील. पोरीच्या हातात पहिली बांगडी तुम्ही भरलीत, मावशी. ही पण तुम्हीच भरा."

"माझ्या हाताचा गुण गेलाय, बाई."

तेलीण दारातून हलली नाही. कासारणीला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही जोर लागतो आणि तेवढा तिच्यात उरला नव्हता. ती उठली.

ओसरीवर नवरी बसली होती. समोर आत्याबाई, डोळ्यांत तेल घालून. कासारणीनं हिरवी बांगडी उचलली, मनात म्हटलं, माझ्यासारखी कुणी नाही, आणि बोटं लगेच आवळली. बांगडी खाली ठेवावी आणि सरळ घरी जाऊन पडावं, असं तिला फार वाटलं.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की पोरीची बोटं आपल्याहून जास्त आवळलीयत. सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "घाबरू नको, बयो. हात सैल सोड. सगळा चुडा बघू नको, ही एकच बांगडी बघ. सावकाश जाऊ."

हे ती हजारो जणींना म्हणाली होती. रडणाऱ्या पोरींना, लाजणाऱ्या नववधूंना, पहिलटकरणींना. स्वतःला एकदाही नाही. पोरीचा हात सैल पडला तशी कासारणीनं मान खाली घातली आणि हळूच स्वतःला सांगितलं, "तूही सोड, बाई. तीस वर्षं हेच करतेयस. एकच बांगडी आहे."

मनानं भांडायला तोंड उघडलं. पण तीस वर्षं, हे खरंच होतं. एकच बांगडी, हेही खरं होतं. भांडायला काही सापडेना, तेव्हा ते गप्प बसलं.

तिनं साबणाचं पाणी लावलं, अंगठ्याचं मूळ दाबलं, आणि बांगडी आत गेली. मग दुसरी. प्रत्येक वेळी तेच वाक्य, पोरीला मोठ्यानं आणि स्वतःला हळू.

सातवी पिचली.

आत्याबाई ताठ झाल्या. गुण गेला, गुण गेला, असं कासारणीच्या आत सुरू झालंच. तिनं ते होऊ दिलं, पण आधी पोरीचा हात उलटासुलटा करून नीट पाहिला. मग म्हणाली, "काच आहे, आत्याबाई. एखादी वाढायचीच. हाताला ओरखडासुद्धा नाही. चुड्यात जास्तीच्या आहेत, त्यातली एक द्या."

ती हे इतकं साधेपणानं बोलली की आत्याबाईंनी आपल्याच हातानं पुढची बांगडी उचलून दिली.

दोन्ही हात भरले. रीतीप्रमाणे पोरीनं कासारणीला वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटतेय."

"मग?"

"तुला सांगत होते ना, ते मीही ऐकत होते."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: स्वतःला धीर द्यायचा तर मोठं खोटं बोलू नये, लहानसं खरं बोलावं, कितीही दमलेलं मन तेवढं ऐकून घेतं.