हौसाबाईचं हसू

एका गावात रंगनाथ नावाचा गिरणीवाला राहत होता. दिवसभर दळण दळायचा आणि संध्याकाळी अंगभर पीठ घेऊन घरी जायचा. आपण कष्टाचं खातो, कुणाचं फुकट घेत नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता.

त्याच्या शेजारी हौसाबाई राहायची. म्हातारी, एकटी आणि एका पायाने लहानपणापासून अधू. कुबडी टेकत कशीबशी दारापर्यंत यायची. सरकारकडून तिला निराधारांचा पगार मिळे. त्यावर तिची चूल पेटे.

एकदा आळीत लग्न निघालं. हळदीला बायकांनी हौसाबाईला धरून मांडवात नेलं. तिने अबोलीचा गजरा माळला, टाळ्या वाजवत गाणी म्हटली, नवरीच्या आत्याची अशी काही नक्कल केली की बायकांची हसून मुरकुंडी वळली. सगळ्यांत मोठ्याने हौसाबाईच हसत होती.

रंगनाथ गिरणीतून परतताना मांडवाशी थांबला. त्याचे गुडघे ठणकत होते. आपण असं शेवटचं कधी हसलो, ते त्याला आठवेना. मनात आलं, आम्ही राबायचं आणि हिने सरकारच्या जिवावर मजा करायची!

पुढे पगाराची तपासणी करायला सरकारी माणूस गावात आला. रंगनाथ त्याला सहज बोलल्यासारखं बोलून गेला की हौसाबाई चांगली धडधाकट आहे, लग्नात नाचते सुद्धा.

हौसाबाईचा पगार थांबला. तिचं दळण येईनासं झालं. रंगनाथच्या ते लक्षात आलं, पण त्याने स्वतःला ते लक्षात येऊ दिलं नाही.

एके दिवशी हौसाबाई स्वतःच कुबडी टेकत गिरणीत आली.

"बाळा, कुणीतरी माझ्याबद्दल वाईट सांगितलंय," ती म्हणाली. "उद्या चावडीवर साहेब येणार आहेत. तू शेजारी, खरं बोलणारा माणूस. माझ्या बाजूने दोन शब्द सांगशील?"

रंगनाथने मान वर न करताच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. साहेबांनी हौसाबाईला विचारलं, पाय अधू आहे तर लग्नात नाचलीस कशी? तिने खाली बघत लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि आपला वाळलेला पाय साऱ्या गावासमोर पुढे केला. म्हाताऱ्या माणसांनीही तोंडं फिरवली. रंगनाथला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

तो उठला. "साहेब, हे मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "नाचली हे खोटं. हसली एवढंच खरं. आणि ते माझ्याच्याने बघवलं नाही."

हौसाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. लुगडं सारखं केलं आणि कुबडी शोधू लागली.

तिचा पगार पुन्हा सुरू झाला. रंगनाथने तिच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागितली. तिने ती दिलीही. रंगनाथला वाटलं, झालं गेलं मिटलं.

काही महिन्यांनी रंगनाथच्या नातीचं बारसं झालं. हौसाबाईला बोलावणं होतं, पण ती आली नाही. म्हणून रंगनाथ स्वतः वाटीभर शिरा घेऊन तिच्याकडे गेला. साजूक तुपातला, बेदाणे घातलेला शिरा पाहून म्हातारीचे डोळे लकाकले. पण तिने घास घेतला नाही. आधी ती रस्त्याकडे डोकावली.

"बाळा, जाताना दार ओढून घे," ती हळूच म्हणाली. "गोडधोड खाताना कुणी बघायला नको."

रंगनाथने दार ओढून घेतलं. बाहेर उन्हात तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. घरात पाहुणे वाट बघत होते, पण त्यांना तोंड दाखवायचं त्याच्या जिवावर आलं.

तात्पर्य: गरजवंताला मदत मिळते म्हणून त्याने सदा दुःखीच दिसावं, अशी अपेक्षा धरू नये. थांबवलेली मदत पुन्हा सुरू करता येते, पण घालवलेलं हसू परत आणता येत नाही.