साळूच्या पाठीमागे कोण?

मुलांनो, डोंगरमाथ्यावरच्या एका दाट रानात एक साळू राहत होती. साळूच्या अंगावर लांब लांब काटे असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या काट्यांची जितकी धास्ती या साळूला स्वतःला होती, तितकी रानात दुसऱ्या कोणाला नसेल. ती घाबरली की काटे आपोआप ताठ उभे राहत, शेपटी खुळखुळ वाजू लागे आणि पाय आपसूक मागे मागे जाऊ लागत. साळूंची जातच तशी. आता घाबरल्यावर जो काटे उभारून उलटा चालतो, त्याने गर्दीत नाचावे तरी कसे?

आणि नाच तर दरवर्षी असे. पाऊस सरून गवताला तुरे आले की एक दिवस ठरे. त्या दिवशी कोणी कोणाची शिकार करायची नाही, असा रिवाज होता. ऊन कलले की सगळे रानातल्या सपाट कातळावर जमत, सुतारपक्षी पोकळ खोडावर ठेका धरी आणि जोड्या हातात हात घालून गोल फिरत नाचत. रान मोठे, कातळ लहान, त्यामुळे पाय ठेवायला जागा नसे. गेल्या वर्षी त्या गर्दीत साळूला मागून कोणाचा तरी धक्का लागला, काटे उभे राहिले आणि मागे नाचणाऱ्या सशिणीचा कान फाटला. "असू दे," असे ससीण म्हणाली खरी, पण तेव्हापासून ती पाणी प्यायला ओढ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊ लागली. रोज जिच्याशी तासन्‌तास गप्पा चालायच्या, ती आता लांबूनच मान हलवी. साळूला ते फार लागले होते.

म्हणून यंदा जायचेच नाही, असे तिने मनाशी पक्के केले होते. पण नाचाच्या दिवशी वानर तिच्या बिळापाशी येऊन बसला. त्याला कोणी जोडीदार मिळत नव्हता, कारण आजवर जी जी त्याच्याबरोबर नाचली ती ती लंगडत घरी गेली होती. ही गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही.

"साळूताई, चल ना गं! माझ्यासारखा नाचणारा रानात दुसरा आहे का कोणी?"

"नाचता हो तुम्ही छान, वानरभाऊ. पण माझ्या पाठीमागे कोण आहे ते मला दिसत नाही. तेवढं तुम्ही बघाल ना?"

"बघेन की! तू फक्त माझा हात धर आणि बाकी माझ्यावर सोड."

साळूला थोडे हायसे वाटले, आणि नाचायची हौस तिलाही होतीच. ती निघाली.

कातळावर पाऊल टाकले मात्र, ती चहूकडे बघू लागली. डाव्या अंगाला भेकरांची जोडी, उजवीकडे रानडुकरे, पायांत घोटाळणारी तितरे! कडेला बसलेले म्हातारे कासव घसा खरवडून सांगत होते, "पावलं लहान टाका! सगळे एकाच बाजूने फिरा! आपल्या जोडीदाराच्या पाठीकडे लक्ष ठेवा!" ते दरवर्षी हेच सांगे आणि वानर दरवर्षी हेच ऐकत नसे. त्याचा जन्म फांद्यांवर उड्या मारण्यात गेलेला. तिथे हवेत झेप घेताना मागेपुढे कोण बघतो? शिवाय वरच्या उंबरावर त्याची सगळी टोळी बसली होती. वानराची नजर एकसारखी तिकडेच.

"वानरभाऊ, मागे कोण आहे?" साळूने विचारले.

"कोणी नाही गं. घे गिरकी!"

पण मागून तर कोणाचे तरी हसू ऐकू येत होते. ते हसू साळूने लगेच ओळखले. ससीण! साळूचे काटे उभे राहू लागले. शेपटी वाजायला बघत होती, पण तिने ती घट्ट दाबून धरली. सुतारपक्ष्याच्या एवढ्या सुरेख ठेक्यात आपला खुळखुळाट कशाला, सगळे काय म्हणतील, असे तिला वाटले. गेल्या वर्षीही तिने असेच केले होते.

"थांबा हो, माझ्या मागे ससीण आहे!"

"आता कसली थांबतेस? बघ, टोळी टाळ्या वाजवतेय!" असे म्हणून वानराने हात लांबवला आणि तिला गरकन फिरवायला जोर लावला.

आता सशिणीचा दुसराही कान जाणार! साळूने लाज सोडली आणि शेपटी सोडली. खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ! ठेका थांबला, भेकरे थबकली, ससीण टुणकन उडी मारून बाजूला झाली. साळू होती तिथेच फतकल मारून बसली. पण वानराला वेग आवरेना. साळूचा हात धरून तो तिच्याभोवती स्वतःच गरगर फिरला आणि ज्या पाठीकडे त्याने एकदाही पाहिले नव्हते, नेमका तिच्यावरच जाऊन बसला.

"अगं आई गं!" तो ओरडला आणि बूड धरून उंबरावर पळाला. टोळीने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

साळू मान खाली घालून बसून राहिली. तिच्यामुळे नाच थांबला होता. आता सगळे आपल्याला हाकलणार, असे वाटून तिला रडू फुटले. तेवढ्यात ससीण जवळ आली.

"काय गं हे," ती म्हणाली, "गेल्या वर्षी का नाही वाजवलंस? मी तेव्हाही सरकले असते की!"

"मला लाज वाटली," साळू हळूच म्हणाली.

"वेडीच आहेस! ऊठ. तुझ्या मागचं मी बघते, माझ्या मागचं तू बघ."

ठेका पुन्हा सुरू झाला. दोघी सुपाएवढ्या जागेत लहान लहान पावले टाकीत नाचू लागल्या. कोणी फार जवळ आले की साळूची शेपटी खुळखुळे, आणि तो बाजूला होई. दुसऱ्या दिवशी ससीण ओढ्याच्या अलीकडच्या काठाला पाणी प्यायला आली.

तात्पर्य : गर्दीत ज्याचा हात धरला, त्याची पाठ आपण सांभाळावी, आणि आपल्यामुळे कोणाला इजा होईल असे वाटले, तर लाज न बाळगता वेळेवर सांगावे.